तळहातावर मावणाऱ्या चेटकिणी: युरोपातल्या जुन्या परंपरांच्या छोट्या बाहुल्या घरी कशा करायच्या

मी पहिली अशी बाहुली केली तेव्हा आईने ती हातात घेतली नाही. लांबूनच बघितली आणि विचारलं, "ही घरात कशाला?" तिचं चूक नव्हतं, कारण आपल्याकडे बाहुली आणि जादू हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यासमोर लिंबू-मिरचीसोबत टांगलेली काळी बाहुली येते, नाहीतर करणीच्या गोष्टी येतात. त्यामुळे कात्री-कापड काढायच्या आधी थोडं मागचं सांगते. बाहुली कुणाची आणि कशासाठी हे माहीत नसेल तर ती नुसती हॅलोविनची सजावट होते, आणि माहीत असेल तर कापड कुठलं घ्यायचं, चेहरा काढायचा की कोरा ठेवायचा, सुई वापरायची की नाही, सगळं त्यावरूनच ठरतं.

इंग्लंडमध्ये मी तीन वर्षं होते. तेव्हा कॉर्नवॉलमधल्या बॉस्कॅसल गावातलं म्युझियम ऑफ विचक्राफ्ट अँड मॅजिक बघितलं. सेसिल विल्यमसन नावाच्या माणसाने 1951 मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर ते सुरू केलं, इंग्लंडमधला चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला ते हेच वर्ष, आणि 1960 पासून ते बॉस्कॅसलला आहे. 2004 च्या ऑगस्टमध्ये गावात मोठा पूर आला तेव्हा म्युझियममध्येही पाणी शिरलं होतं. तिथे मेणाच्या, कापडाच्या, मातीच्या बाहुल्या आहेत. त्यांना पॉपेट म्हणतात, म्हणजे एखाद्या माणसाच्या जागी ठेवलेली बाहुली. काही बरं करायला, काही प्रेमासाठी, काही शाप द्यायला. बाहुल्यांचा विषय तिथे फक्त हौसेचा राहिला नव्हता, माणसं त्यापायी मेली आहेत. 1612 मध्ये लँकशायरमधल्या पेंडल भागातल्या बायकांवर खटला चालला त्यात मातीच्या बाहुल्या करून माणसं मारल्याचे आरोप होते, आणि त्या वर्षी दहा जणांना फाशी झाली. मी पॉपेट करत नाही ते यामुळे. दुसऱ्याच्या नावाची, दुसऱ्याचे केस घातलेली बाहुली तुम्हीही करू नका असं मी मनापासून सांगेन. त्याशिवायही करण्यासारखं खूप आहे.

माझ्या सगळ्यात आवडत्या बाहुल्या एडिंबराला आहेत. 1836 च्या जूनमध्ये आर्थर्स सीट या टेकडीवर सशांच्या मागे लागलेल्या काही मुलांना एका कपारीत 17 छोट्या शवपेट्या सापडल्या, आणि प्रत्येकीत एक लाकडी, कपडे घातलेला छोटा माणूस. आज त्यातल्या आठ शिल्लक आहेत, नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंडमध्ये. पेटी जेमतेम बोटाएवढी, आतल्या माणसाचे डोळे उघडे, अंगावर सुती कापडाचा तुकडा शिवलेला नाहीतर चिकटवलेला, आणि काहींचे हात काढलेले, पेटीत मावावेत म्हणून असावं. कुणी केल्या, का केल्या, आजपर्यंत कळलेलं नाही. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते, आणि एवढ्याशा वस्तूत एवढं काही असू शकतं हे मला तिथे कळलं.

खाली तीन बाहुल्या देते. युक्रेनची मोतांका, उत्तर युरोपातल्या स्वयंपाकघरात टांगतात ती किचन विच, आणि आयर्लंडची काडाची ब्रीजोग. मोतांका सगळ्यात सोपी, पहिल्यांदा करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. किचन विचला तीन-चार संध्याकाळी लागतात आणि खरी मजा तिच्यात आहे, म्हणून तिच्यावर मी जास्त लिहिलंय.

मोतांका: सुई न लावता

मोतांका हा शब्द गुंडाळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. पूर्ण बाहुली कापड गुंडाळून आणि दोऱ्याने बांधून करायची, सुई लावायची नाही, बाहुलीला टोचायचं नाही. चेहऱ्याला डोळे-नाक नसतं. चेहरा कोरा ठेवतात किंवा त्यावर रंगीत दोऱ्याचा क्रॉस गुंडाळतात. कापड शक्यतो घरातलं जुनं, कुणीतरी वापरलेलं. हे वाचून मला आपल्या गोधडीचीच आठवण आली होती, आजीच्या लुगड्याची ऊब पुढच्या पिढीला, तसंच काहीसं.

कापड सुतीच घ्या, आणि कापू नका, फाडा. कडेला छोटी चीर द्या आणि ओढा, उभ्या-आडव्या धाग्यावर सरळ फाटतं आणि कडेला जे धागे सुटतात तेच मोतांकाला शोभतात. सिंथेटिक कापड फाटत नाही, चुरगळतं, आणि गुंडाळलं तर घसरतं, तेव्हा ते बाजूलाच ठेवा.

जुन्या कापडाची एक पट्टी घट्ट गुंडाळून साधारण 9 सेंटीमीटर लांब आणि दीड सेंटीमीटर जाड वळकटी करा, दोऱ्याने दोन-तीन जागी बांधा. हा बाहुलीचा कणा. वळकटीच्या एका टोकावर सुपारीएवढा कापसाचा गोळा ठेवा, त्यावर 20 सेंटीमीटरचा पांढरा चौकोन मध्यभागी येईल असा टाका, चेहऱ्याच्या बाजूला सुरकुती येणार नाही अशी ओढ द्या आणि मानेशी दोरा सात-आठ वेढे घट्ट घ्या. सगळ्या चुका इथेच होतात. वेढे सैल राहिले की डोकं डुलतं आणि नंतर काही करता येत नाही. मी दोऱ्याचं रीळ पायाखाली धरते आणि बाहुली हातात फिरवते, म्हणजे ताण आपोआप सारखा राहतो.

क्रॉससाठी लाल किंवा दोन-तीन रंगांचा जाड सुती दोरा घ्या. मानेपासून दोरा वर न्या, चेहऱ्याच्या बरोबर मध्यावरून, डोक्यावरून मागे मानेपर्यंत, मानेला एक वेढा, परत वर. असे आठ-नऊ उभे वेढे एकमेकांना चिकटून. मग आडवे, डोक्याभोवती पट्ट्यासारखे, नाकाच्या उंचीवर. आडवे वेढे घसरतात, म्हणून डोक्याच्या मागे उभ्या दोऱ्यांखालून एकदा दोरा सरकवून घ्या. मागची बाजू रुमालाखाली जाते, ती नीटनेटकी नसली तरी चालेल.

हातांसाठी 12 बाय 6 सेंटीमीटरची पट्टी घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकांपासून एकेक सेंटीमीटरवर बांधा म्हणजे तळवे दिसतात, ती मानेखाली आडवी ठेवा आणि छातीवरून-पाठीवरून फुलीसारखा दोरा फिरवून पक्की करा. आता घागरा, आणि इथे एक छान युक्ती आहे. 10 बाय 25 सेंटीमीटरचा रंगीत तुकडा बाहुलीभोवती उलटा गुंडाळायचा, म्हणजे कापडाची उलटी बाजू बाहेर आणि घागऱ्याचा घेर वर, बाहुलीच्या डोक्यावरून गेलेला. कमरेशी चुण्या जमवून दोरा आवळा आणि मग घेर खाली ओढा, छत्री उलटी होते तसा. बांधलेला दोरा पूर्ण आत जातो. अशाच दोन-तीन थरांवर पुढून छोटं एप्रन, डोक्यावर तिकोनी रुमाल मागे गाठ मारून, आणि बाहुली झाली. पाय नसतात, घागऱ्यावरच उभी राहते.

किचन विच: हिच्यावर वेळ घालवा

नॉर्वे आणि आजूबाजूच्या देशांशी ही बाहुली जोडली जाते, आता ती सगळीकडेच दिसते. झाडूवर बसलेली म्हातारी, स्वयंपाकघरात छताला किंवा खिडकीत टांगलेली. ती असली की दूध उतू जात नाही, भाजी करपत नाही, घराला बरकत राहते अशी समजूत. ही चेटकीण भीती घालणारी नाही, घर सांभाळणारी आहे. चेहरा करताना हे डोक्यात असू द्या.

मी ती 1:12 या प्रमाणात करते. डॉलहाउसच्या सामानाचं हे नेहमीचं माप, खऱ्या जगातला एक फूट म्हणजे बाहुलीच्या जगातला एक इंच. साडेपाच फुटांची बाई साडेपाच इंच, म्हणजे 14 सेंटीमीटर. हे प्रमाण एकदा डोक्यात बसलं की कुठलंही माप विचारावं लागत नाही. माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटरचा, म्हणजे बाहुलीचा 2 मिलिमीटर. तळहात-बोटं मिळून 18 सेंटीमीटर, म्हणजे बाहुलीचा हात दीड सेंटीमीटर. डोकं 2 सेंटीमीटरच्या आसपास. मिनिएचर खोटं वाटतं तेव्हा नव्वद टक्के वेळा एखादी गोष्ट मापाला मोठी झालेली असते, बहुतेक वेळा बटण, कापडावरची फुलं नाहीतर टाके.

सामान: 0.8 मिलिमीटरची वाकणारी तार, पक्कड, मास्किंग टेप, थोडी लोकर किंवा कापूस, पॉलिमर क्ले (ओव्हनमध्ये भाजली की कडक होणारी माती, त्वचेचा रंग मिळाला तर उत्तम), अॅल्युमिनियम फॉइल, टूथपिक, बारीक-जाड दोन सुया, ब्लेड, ॲक्रिलिक रंग, मऊ सुती कापड, फेविकॉल, इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद). पुण्यात बोहरी आळीत एक चक्कर मारली की बरंचसं मिळतं, पॉलिमर क्ले मात्र मी ऑनलाइनच मागवते. डोळ्यांसाठी मी तुळशीबागेतून काळे काचमणी आणते, अगदी बारीक, बरोबर 2 मिलिमीटरचे. आर्ट स्टोअरमधले महाग डोळे वापरून बघितले, पण काचमण्यात जी चमक येते ती त्यांच्यात नाही.

आधी सांगाडा. 38-40 सेंटीमीटर तार मध्यावर दुमडा आणि दुमडीपासून दीड सेंटीमीटर घट्ट पीळ द्या, हा डोक्याचा खुंटा. तिथून खाली पाच सेंटीमीटर दोन्ही तारा एकत्र पिळा, हे धड. मग तारा वेगळ्या करा, सात सेंटीमीटरचा एकेक पाय, शेवटचा एक सेंटीमीटर पुढे वाकवून पाऊल, आणि उरलेलं कापा. हातांसाठी 14 सेंटीमीटरची वेगळी तार खुंट्याच्या जरा खाली धडाच्या पिळातून आरपार घाला, एक वेढा द्या, दोन्ही बाजू सारख्या करा. सगळ्यावर मास्किंग टेप गुंडाळा, नाहीतर कापूस तारेवर घसरत राहतो.

कपडे घालायच्या आधी बाहुलीला बसवा, हे विसरू नका. झाडूवर बसलेली म्हातारी पाठीत वाकते, मान पुढे काढते, गुडघे दुमडते, एक पाय जरा वर. घरातल्या कुणा म्हाताऱ्या बाईला पाटावर बसताना आठवा, वाकण कमरेतून येत नाही, खांद्यांच्या मधून येतं. सरळ सांगाड्याला कपडे घालून मग वाकवलं की कापड फुगतं आणि ती बाहुली कायम कडक दिसते. आकार ठरला की पोट, कंबर, खांदे यावर लोकरीचे पातळ थर द्या, दोऱ्याने आवळत जा. म्हातारीला थोडं पोट असू द्या.

आता डोकं. फॉइलची एक सेंटीमीटरची घट्ट गोळी करा, टूथपिकवर खोचा, आणि भोवती चार-पाच मिलिमीटर क्लेचा थर देऊन अंड्यासारखा आकार द्या. डोळे डोक्याच्या बरोबर निम्म्या उंचीवर असतात. सगळे जण ते वर काढतात, मीही काढायचे, आणि चेहरा लहान मुलाच्या चित्रासारखा व्हायचा. सुईच्या मागच्या टोकाने निम्म्यावर दोन खळगे दाबा, त्यात काचमणी दाबून बसवा, मण्याचं भोक दिसणार नाही असं फिरवून. क्लेच्या शेवयांसारख्या बारीक वळ्या करून वरची पापणी ठेवा, मग खालची. म्हातारपण पापणीत दिसतं, वरची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात जरा खाली आणा, चेहरा लगेच थकलेला पण मायाळू होतो. नाकाला तांदळाच्या दाण्याएवढी क्ले, मध्ये चिकटवून दोन्ही कडा वर गालात मिसळून टाका. वाकडं नाक, मस, पुढे आलेली हनुवटी हे सगळं थोडं थोडं, जास्त केलंत की ती व्यंगचित्र होते. ओठांच्या जागी ब्लेडने एक रेघ, कोपरे सुईने दाबा. दात पडलेल्या बाईचे ओठ आत जातात, तेव्हा रेघेच्या वर-खाली बोटाने हलकं दाबा.

सुरकुत्यांसाठी चेहऱ्यावर क्लिंग फिल्मचा तुकडा पसरा आणि त्यावरून सुईने रेघा ओढा. प्लास्टिकमुळे रेघेच्या कडा गोल येतात, खऱ्या कातडीसारख्या. थेट सुई लावली तर ओरखडे दिसतात. कपाळावर आडव्या तीन, डोळ्यांच्या कडेला पंख्यासारख्या, वरच्या ओठावर बारीक उभ्या. मग गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर लाल खडूची पूड मऊ ब्रशने लावा, भाजल्यावर ती तिथेच बसते.

हात दीड सेंटीमीटरचे. क्लेची छोटी चपटी पळी करा, ब्लेडने तीन काप दिले की चार बोटं होतात, कडा गोल करा, अंगठा वेगळा चिकटवा. बोटं सरळ ठेवू नका, झाडूची दांडी ठेवून तिच्यावरच वळवा, आणि मनगटाच्या जागी तारेसाठी भोक पाडून ठेवा.

भाजायचं तापमान क्लेच्या पाकिटावर असतं तेच पाळा. फिमो ब्रँडची क्ले 110 अंशावर अर्धा तास, स्कल्पी ब्रँडची 130 अंशावर, दर 6 मिलिमीटर जाडीला 15 मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको. घरातल्या ओटीजीचं बटण दाखवतं तेवढं तापमान आत असेलच असं नाही, माझा वीस अंश जास्त तापायचा आणि माझं एक पूर्ण डोकं तपकिरी झालं, तेव्हापासून आत छोटा ओव्हन थर्मामीटर ठेवते. क्ले जळली तर धूर त्रासदायक असतो, खिडक्या उघडा. खाण्याचाच ओव्हन असेल तर फॉइलने झाकून भाजा आणि नंतर पुसून घ्या, जमलं तर वेगळाच ठेवा. ओव्हन नसेल तर एअर ड्राय क्ले चालते, पण ती आकसते आणि तडकते, म्हणून थर पातळ द्या आणि सावलीत, कापडाखाली हळू वाळवा.

थंड झाल्यावर ॲक्रिलिकचा तपकिरी रंग भरपूर पाण्यात पातळ करून पूर्ण चेहऱ्यावर लावा आणि लगेच कापडाने पुसा. सुरकुत्यांत रंग राहतो, बाकी निघून जातो. एवढ्याने ती जिवंत वाटायला लागते, मला दर वेळी याच क्षणाला आनंद होतो. मग डोकं खुंट्यावर आणि हात तारेवर इपॉक्सीने चिकटवा, रात्रभर हलवू नका.

कापडाचं सांगते. एवढ्या लहान मापाला नवीन कॉटन तंबूसारखं उभं राहतं, पडत नाही. मलमल घ्या, नाहीतर खूप धुतलेली जुनी साडी. फुलांचं डिझाइन अगदी बारीक किंवा नकोच. रंग मी घरीच देते. दाट चहात अर्धा तास ठेवलं की जुना बदामी रंग येतो. राखाडी-काळ्यासाठी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवून वाळवायचं आणि मग गंजलेले खिळे भिजवलेल्या पाण्यात बुडवायचं, डोळ्यासमोर काळं होतं. लोखंडाचं पाणी फार घट्ट करू नका, कापड काही वर्षांत कुजतं. हळद सुंदर दिसते पण उजेडात उडते, खिडकीतल्या बाहुलीला नको.

स्कर्ट साडेआठ बाय 22 सेंटीमीटर. खालची कड दुमडू नका, या मापाला दुमड जाड दिसते, त्याऐवजी कडेला पातळ फेविकॉलचं बोट फिरवा, वाळल्यावर कापा. वर धावदोरा घालून चुण्या ओढा, कमरेला बांधा. मग सगळ्यात महत्त्वाचं काम, स्कर्ट पाण्याने पूर्ण ओला करा, पाण्यात दोन थेंब फेविकॉल, आणि बोटांनी घड्या पाडून टाचण्यांनी थर्माकोलवर टोचून ठेवा, जणू वाऱ्याने मागे उडतोय. एक दिवस वाळू द्या. ब्लाऊजसाठी मी पॅटर्न काढत नाही, बाह्यांच्या दोन नळ्या हातात सरकवायच्या आणि पुढचा-मागचा तुकडा अंगावरच चिकटवायचा, वरून शाल येतेच. डोक्याला टोकदार टोपी घालायचा मोह होतो, मी साधा रुमाल बांधते. टोपीने ती पार्टीतली वाटते, रुमालाने कुणाची तरी आजी.

केसांना लोकर किंवा पीळ सोडलेली सुतळी. सुतळी गरम पाण्यात थोडा शाम्पू घालून धुवा, वाळवा, विंचरा, पांढरे-पिवळट केस मस्त दिसतात. माणसाचे केस नकोत, आधी सांगितलं त्या कारणासाठी.

झाडू तिकडे बर्चच्या बारीक फांद्यांचा आणि अ‍ॅशच्या दांडीचा असतो. इथे मी पेरूची वाळकी सरळ काडी दांडीला घेते, 11-12 सेंटीमीटर, आणि खाली फुलझाडूतले तुरे. खराट्याच्या हिरांचा झाडू करून बघू नका, त्या मापाला त्या बांबू दिसतात. तुरे पाण्यात भिजवून दांडीभोवती उलटे बांधा आणि मग दुमडून परत बांधा, घागऱ्याच्याच युक्तीने.

कमरेला औषधी झाडपाल्याची जुडी बांधायची. युरोपातल्या बायकांच्या परंपरेत मगवर्ट नावाच्या झुडपाला फार मान आहे. ते आर्टेमिसिया प्रजातीतलं, आणि आपला दवणा, जोतिबाला वाहतात तो, त्याच प्रजातीतला. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. दवण्याची पानं इतकी बारीक असतात की वाळवल्यावर 1:12 मध्ये ती खरीखुरी जुडी वाटते, आणि बाहुलीला महिनोनमहिने वास राहतो. चैत्रात घेऊन ठेवा.

टांगताना दोरा एकाच जागी बांधला तर ती पुढे डोकं टाकते. झाडूच्या दांडीला पुढे आणि मागे असे दोन दोरे बांधा, वर एकत्र आणा, आणि गाठ मारायच्या आधी बोटावर धरून तोल बघा. पुढचं टोक जरा वर राहिलं पाहिजे. गॅसपासून लांब, वाफ आणि फोडणीचा तेलकटपणा जिथे पोचत नाही तिथे.

ब्रीजोग: काडाची

31 जानेवारीच्या संध्याकाळी, सेंट ब्रिजिडच्या दिवसाच्या आदल्या रात्री, आयर्लंडमध्ये काडाची किंवा लव्हाळ्याची बाहुली घरोघर फिरवायची पद्धत होती. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर तर तिच्यासाठी बिछाना घालायचे. आजचे पेगन लोक, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या परंपरा पाळणारे, त्याच सुमाराला इम्बोल्क सण करतात. इंग्लंडमध्ये सुगीच्या शेवटच्या पेंढीची करतात तिला कॉर्न डॉली म्हणतात, तिथे कॉर्न म्हणजे धान्य, मका नव्हे. आपल्याकडे गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडे ओंब्यांसकट काड मागा, हार्वेस्टर लागायच्या आधी. वरच्या पेरापासून ओंबीपर्यंतचा भाग वापरायचा, काडी पोकळ आणि जितकी लांब तितकी चांगली, आणि पेर अजून किंचित हिरवं असताना कापलेली.

पंधरा-सोळा काड्या कोमट पाण्यात पाऊण तास भिजवा, मग ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा आणि लागेल तशी काढा. कोरडी काडी दुमडताना तुटणारच. निम्म्या काड्यांच्या ओंब्या एका बाजूला, निम्म्यांच्या दुसऱ्या बाजूला अशी जुडी करा, मध्यभाग बोटांनी चपटा दाबा, त्यावर कापसाची गोळी ठेवून जुडी दुमडा आणि खाली मान बांधा. तीन काड्यांची वेणी घालून आठ सेंटीमीटरचे हात करा, मानेखाली काड्यांच्या मधून सरकवा, छातीवर फुली देऊन कमरेला बांधा. खाली काड्या फाकवा, आत वाटी ठेवून दोन दिवस सावलीत वाळवा, घेर तसाच राहतो, आणि ओंब्या घागऱ्याच्या काठासारख्या खाली येतात. वरून पांढऱ्या कापडाची पट्टी, बस.

पावसाळा आणि विक्री

दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये माझ्या सगळ्या काडाच्या बाहुल्यांना बुरशी आली आणि दवण्यात पोरकिडे झाले. तेव्हापासून वाळवलेला पाला, काड आणि लोकर वापरण्याआधी झिपलॉक पिशवीत घालून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता घराच्या तापमानाला येऊ देते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत काडाच्या बाहुल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद.

विकणार असाल तर चिठ्ठीवर बाहुली कुठल्या देशाची, काय परंपरा, कशाची केलीय एवढंच लिहा. बाधा जाईल, नजर उतरेल, नवरा परत येईल असलं काहीही नको. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, कारण आपल्या देशात चेटकीण ठरवून बायकांना आजही मारलं जातं. कुणी माझ्याकडे शत्रूच्या नावाने बाहुली करून मागितली की मी स्पष्ट नाही म्हणते. आईला मी हे सगळं सविस्तर सांगितलं, पेंडलच्या बायकांचंही. आता किचन विच तिच्या स्वयंपाकघरात आहे, खिडकीच्या गजाला.

काडाच्या बाहुलीचं एक राहिलं. ती वर्षभरच ठेवायची. कॉर्न डॉलीच्या परंपरेत धान्याचा जीव त्या पेंढीत हिवाळाभर राहतो असं मानतात आणि नव्या हंगामात ती परत नांगरात, मातीत जाते. मी नव्या ओंब्या आल्या की जुन्या बाहुलीचं कापड काढून घेते, दोरा सुती असेल तर तसाच ठेवते, नायलॉनचा असेल तर सोडवते, आणि काडाचे तुकडे करून गॅलरीतल्या कुंडीत मातीखाली चार बोटं खोल पुरते. ओंबीत दाणे राहिलेले असतात, आठवड्याभरात हिरवे कोंब वर येतात.